ठिपकीची जात

गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. त्या दिवसांत वसमतच्या शिवारात दोन वास भरून राहिलेले असतात. एक शिजणाऱ्या हळदीचा आणि दुसरा तोडलेल्या उसाच्या पाचटाचा. पुतण्याच्या रानात ऊसतोड चालू होती. संध्याकाळी तो घरी आला तो काखेत टॉवेलचे गाठोडे घेऊनच. ओसरीवर त्याने टॉवेल सोडला आणि आतून मुठीएवढे मांजराचे पिल्लू बाहेर आले. राखट, किंचित तांबूस अंग. त्यावर काळसर ठिपक्यांच्या ओळी, जणू कुणी बसून रांगोळीचे ठिपके दिले आहेत. माझ्या नातीने त्याला उचलून छातीशी धरले, ठिपकी असे नावही ठेवून टाकले आणि पुढच्या पाच मिनिटांत ते आमच्या घरचे झाले.

ते कोठे सापडले, हे पुतण्याने सांगितले. फड तोडताना पाचटाखाली दोन पिल्ले होती. मांजरी कोयत्यांच्या आवाजाने आधीच निघून गेली होती, जाताना एक पिल्लू घेऊन गेली असावी. टोळीतल्या एका वयस्क बाईने त्याला बजावले होते, की हे घरचे मांजर नाही, याला हात लावू नका, रात्री आई येऊन नेईल. पुतण्याने ते हसण्यावारी नेले. मांजर ते मांजर, घरी दूध पिऊन राहील, असा त्याचा हिशेब.

दुसऱ्या दिवसापासून घरी पाहुण्यांची रीघ लागली. येणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारी : कोणत्या जातीचे आहे हो?

आपल्या मराठीत हा प्रश्न मोठा गमतीचा आहे. कुत्रा अल्सेशियन की डॉबरमन, हे विचारायचे असले तरी आपण जातच विचारतो आणि चिमणी वेगळी, सुगरण वेगळी, हे सांगायचे असले तरीही जातच म्हणतो. पहिल्या जातीत माणसाने घडवलेल्या वाणाचा मोठेपणा असतो आणि बाजारातला भाव असतो. दुसरी जात निसर्गाने दिलेली. येणाऱ्यांच्या मनात अर्थातच पहिली जात होती. पुण्याच्या एका नातलगाने मोबाइलवर फोटो पाहून निकाल दिला, की हे बेंगाल मांजर आहे, याला हजारो रुपये पडतात, जपून ठेवा. समोरच्या घरातले आजोबा म्हणाले, की हा बिबट्याचा बछडा आहे आणि याची आई आज रात्री तुमच्या अंगणात येणार. त्या एका वाक्याने गल्लीतली निम्मी पोरे संध्याकाळी घराबाहेर पडली नाहीत.

खरे सांगायचे तर बेंगाल हे नाव ऐकून मलाही क्षणभर बरे वाटले. पण ही बेंगाल मांजरे बंगालची नव्हेत. अमेरिकेत जीन मिल नावाच्या बाईंनी आशियातल्या रानटी ठिपकेदार मांजराचा घरच्या मांजराशी संकर करून हा वाण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाढवला. ते मांजर वसमतच्या उसात कशाला येईल? दुसरे नाव पुढे आले ते इजिप्शियन माऊचे. त्यालाही ठिपके असतात, पण तेही पाळीव, परदेशी. उरले आपले गावठी मांजर. त्याच्याही अंगावर कधी पट्टे मोडून ठिपके होतात. गावठी मांजराला वाण नसतो, त्यामुळे त्याला जातही नाही, असे आपण धरून चालतो. आमची ठिपकी गावठीच असेल, असे मी मनाशी ठरवून टाकले. एक गोष्ट मात्र खटकत होती. हातावर घेतल्यावर गावठी पिल्लू जसे थोड्या वेळाने सैल पडते, तशी ही पडत नव्हती. तिचे अंग सतत ताणलेले असे आणि नजर आढ्याकडे लागलेली असे.

त्या रात्री मला जर्डन आठवला.

जालन्याचा डॉक्टर

माझे माहेर जालन्याचे आणि नोकरी झाली नांदेडच्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात. तिथे पक्ष्यांवरच्या एका जुन्या इंग्रजी ग्रंथाची पुनर्मुद्रित प्रत होती. पुस्तके लावता लावता मी ती एकदा सहज चाळली आणि पानापानावर जालना हे नाव पाहून चकित झाले. अमुक पक्षी जालन्याजवळ दिसला, तमुक जालन्याच्या आसपास मिळाला. आपल्या माहेरच्या माळावर दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी कोण हा माणूस पाखरे मोजत हिंडत होता, या कुतूहलापायी मी टॉमस कॅव्हरहिल जर्डन या माणसाच्या मागे लागले. भारतातल्या पक्ष्यांचा थोडाही अभ्यास करणाऱ्याला हे नाव ठाऊक असते. बाकीच्यांना मात्र तो मराठवाड्यात राहून गेल्याचा पत्ताही नसतो.

जर्डन यांचा जन्म १२ ऑक्टोबर १८११ चा, इंग्लंडच्या उत्तरेकडील डरहॅम परगण्यातला. घराणे स्कॉटलंडच्या सरहद्दीवरच्या जेडबर्गजवळचे. वडिलांनाच झाडापानांची, किड्यापाखरांची आवड होती आणि ती मुलात उतरली. एडिंबरा विद्यापीठात त्यांनी आधी निसर्गशास्त्राची व्याख्याने ऐकली, मग वैद्यक शिकले. त्या काळी निसर्गाच्या वेडावर पोट भरत नसे. पोट भरण्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीची डॉक्टरकी होती. सहायक शल्यचिकित्सक म्हणून नेमणूक घेऊन फेब्रुवारी १८३६ मध्ये ते मद्रासला उतरले, तेव्हा त्यांचे वय २४ होते.

पहिले काम मिळाले ते गंजाम भागातल्या सैनिकांमध्ये पसरलेल्या ताप आणि हगवणीवर उपचार करण्याचे. म्हणजे दिवसभर आजारी शिपायांच्या खाटा आणि उरलेल्या वेळात पूर्व घाटातली पाखरे. १८३७ मध्ये त्यांची बदली मद्रासच्या दुसऱ्या घोडदळात झाली. हे घोडदळ आधी त्रिचनापल्लीला होते आणि नंतर आले जालन्याला. निजामाच्या मुलखात असलेल्या जालन्याला तेव्हा मद्रास फौजेची मोठी छावणी होती. डॉक्टर जर्डन पुढची सुमारे चार वर्षे दख्खनच्या या पठारावर राहिले.

आपला मराठवाडा आपल्याला उघडाबोडका वाटतो. उन्हाळ्यात माळ करपतात, ओढ्यांना पाणी नसते. पण पाखरे पाहणाऱ्याला हा माळ म्हणजे भरलेला संसार आहे. चंडोल, धाविक, माळटिटवी, लावे, तित्तिर. हे सारे पक्षी मातीच्या रंगाचे, मातीत मिसळून जाणारे. एकासारखा दुसरा दिसतो आणि चार पावले पुढे गेल्यावर कळते, की हा निराळा आहे. या माळावर डोळ्यांना वळण लागले, की पुढे कुठेही फसगत होत नाही. जर्डन यांच्या डोळ्यांना ते वळण इथे लागले असे मला वाटते. त्यात माहेरचा अभिमान थोडा मिसळला असेल, तर वाचकांनी तो माफ करावा.

कसर लागलेली पेटी

जर्डन यांच्या आयुष्यातली एक घटना मला फार महत्त्वाची वाटते. त्यांनी जमवलेल्या पक्ष्यांची नावे पटत नव्हती. जवळ ग्रंथ नव्हते, विचारायला जाणकार नव्हते. म्हणून पक्ष्यांची कातडी नीट पेंढा भरून त्यांनी स्कॉटलंडमधले नामांकित पक्षितज्ज्ञ सर विल्यम जार्डिन यांच्याकडे धाडली. गाडीवाटेने बंदरापर्यंत, पुढे कित्येक महिन्यांचा समुद्रप्रवास. पेटी जार्डिन यांच्या घरी पोहोचली तेव्हा आत कसर लागली होती. पक्ष्यांची दशा झाली होती.

कुणी दुसरा असता, तर त्याने छंद सोडला असता किंवा दुसरी पेटी भरली असती. जर्डन यांनी तिसरेच केले. इथून पुढे विलायतेच्या उत्तराची वाट पाहायची नाही, आपणच पाहायचे आणि आपणच ठरवायचे, असे त्यांनी मनाशी पक्के केले. १८३९ पासून मद्रासच्या एका विद्वत्पत्रिकेत त्यांची दक्षिण भारतातल्या पक्ष्यांची यादी क्रमाने छापून येऊ लागली. त्याआधी मुंबई इलाख्यातले कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या पक्ष्यांची यादी १८३२ मध्ये प्रसिद्ध केली होती. जर्डन यांच्या यादीतली जातींची संख्या तिच्या जवळजवळ दुप्पट होती. ती करणारा माणूस तिशीच्याही आतला होता आणि दिवसा घोडदळाच्या शिपायांना औषध देत होता.

१८४१ मध्ये जर्डन यांचे लग्न झाले. पत्नी फ्लोरा मॅक्लिऑड यांना वनस्पतींची आवड होती आणि त्यांचा हात चित्रकलेत चांगला होता. आमरीच्या म्हणजे ऑर्किडच्या फुलांची चित्रे त्या काढीत. नवरा पाखरांच्या मागे आणि बायको फुलांच्या मागे, असा तो संसार. काही काळ निलगिरीत काढल्यावर जर्डन नेल्लोरला सिव्हिल सर्जन म्हणून रुजू झाले.

नेल्लोरचे जाणकार

नेल्लोरच्या आसपास यानादी नावाची आदिवासी जमात राहते. शिकार, मासेमारी, कंदमुळे यांवर जगणारी ही माणसे. सरकारी दप्तरात त्यांची गणना मागासात होत असेल, पण कोणत्या बिळात कोण राहते, कोणत्या झुडपात कोणाचे घरटे असते, हे त्यांच्याइतके कुणालाच माहीत नव्हते. जर्डन यांनी त्यांच्याशी ओळख वाढवली आणि त्यांच्याकडून माहिती घेतली. आपल्या चित्रग्रंथासाठी त्यांनी भारतीय चित्रकारांकडून पक्ष्यांची चित्रे काढून घेतली. १८४३ ते १८४७ या काळात निघालेल्या त्या ग्रंथात ५० चित्रे आहेत आणि आजही ती पाहताना नजर ठरत नाही.

त्यांचे लक्ष पाखरांपुरते राहिले नाही. साप, मासे, बेडूक, मुंग्या, काहीच त्यांना वर्ज्य नव्हते. दक्षिण भारतातल्या मुंग्यांवर त्यांनी १८५१ मध्ये लिहिले. उड्या मारत भक्ष्य धरणाऱ्या एका भारतीय मुंगीचे पहिले शास्त्रीय वर्णन त्यांचेच. मोठ्या हुद्द्याचा डॉक्टर मुंग्यांच्या वारुळापाशी उकिडवा बसला आहे, हे दृश्य तेव्हाच्या लोकांना कसे दिसले असेल कोण जाणे.

मला त्या रात्री जे आठवले, ते याच काळातले. १८४६ साली जर्डन यांच्याकडे कुणीतरी एक लहानसे ठिपकेदार मांजराचे पिल्लू आणून दिले. अगदी आमच्या ठिपकीसारखे. त्यांनी ते पाळले. पिल्लू माणसाळले, घरभर खेळू लागले. त्याची चपळाई आणि चालण्यातला डौल पाहून येणारा जाणारा खूश होऊन जाई. घराच्या आढ्यावर चढून ते खारींच्या मागे लागे. आठ महिन्यांचे झाल्यावर जर्डन यांनी एक दिवस त्याला एका खोलीत नेले. त्या खोलीत चिंकारा हरणाचे छोटे पाडस होते. मांजराने पाडस पाहिले मात्र, त्याच क्षणी झेप घेऊन त्याचे मानगूट धरले. अंगाने किती तरी मोठ्या असलेल्या त्या पाडसाला सोडवता सोडवता पुरेवाट झाली. आठ महिने घरचे दूध प्यालेला जीव आपला मूळ स्वभाव तसूभरही विसरला नव्हता. त्यानंतर थोड्याच दिवसांत ते मांजर जर्डन यांच्या हातचे गेले.

पुढे सस्तन प्राण्यांवरच्या ग्रंथात त्यांनी ही हकिकत लिहिली. ती लिहिताना स्वतःची फजिती लपवली नाही. त्याच ठिकाणी या मांजराविषयी त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली आहे. हे घनदाट जंगलातले जनावर नाही. कोरड्या तळ्यांच्या पात्रातले गवत, झुडपे, उघड्या माळावरच्या नाल्या आणि गावांच्या आसपासची जागा, इथे ते राहते. हे मांजर घरच्या मांजराशी संकर करते, अशीही नोंद त्यांनी केली आहे. सर वॉल्टर इलियट हे त्यांचे समकालीन अभ्यासक. त्यांनाही तसे संकर आढळले होते.

या मांजराला शास्त्रीय नाव मिळाले होते ते पाँडिचेरीहून गेलेल्या नमुन्यावरून. १८३१ मध्ये इझिदोर जॉफ्र्वा सेंट-हिलेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने ते दिले. नावातला दुसरा शब्द गंजाच्या रंगावरून आलेला आहे, कारण मोठ्या मांजराच्या अंगावरचे ठिपके तांबूस, गंजल्यासारखे दिसतात. मराठीत आज आपण त्याला वाघाटी म्हणतो. गंमत अशी, की जुन्या ग्रंथांत वाघाटी हे घाटावरचे मराठी नाव त्याच्या थोरल्या भावंडाला, म्हणजे बिबट्यासारख्या ठिपक्यांच्या मांजराला दिलेले आहे आणि साध्या रानमांजराला बाऊल किंवा भावगा म्हटले आहे. लोकांच्या तोंडी ही नावे आजही अशीच एकमेकांत मिसळतात.

ग्रंथ आणि शेवट

जर्डन पुढे सागरला गेले. १८५७ चा धामधुमीचा काळ उलटला आणि गव्हर्नर जनरल लॉर्ड कॅनिंग यांनी त्यांना डॉक्टरकीतून मोकळे करून एक खास काम दिले. भारतातल्या पाठीचा कणा असलेल्या साऱ्या प्राण्यांची पुस्तके लिहायची. पन्नाशीच्या उंबरठ्यावर माणसाला आपल्या आवडीचे काम सरकारी पगारावर करायला मिळावे, हे भाग्यच. ते हिमालयात हिंडले, दार्जिलिंगला राहिले, आसामपर्यंत गेले. १८६२ ते १८६४ या काळात भारतातल्या पक्ष्यांवरचा त्यांचा ग्रंथ निघाला. त्यात हजाराहून अधिक जातींची माहिती आहे. चार्ल्स डार्विन यांनी माणसाच्या उत्पत्तीवरचा ग्रंथ लिहिताना जर्डन यांच्या नोंदींचा ठिकठिकाणी आधार घेतला. १८६७ मध्ये सस्तन प्राण्यांचा ग्रंथ रुडकीच्या थॉमसन कॉलेजच्या छापखान्यात छापला गेला. वाघाटीच्या पिल्लाची गोष्ट आहे ती यात.

१८६८ मध्ये ते निवृत्त झाले, तरी लगेच मायदेशी गेले नाहीत. पुन्हा आसामकडे गेले आणि गुवाहाटीत तापाने आजारी पडले. त्या दुखण्यातून ते पुरते उठलेच नाहीत. १८७० मध्ये इंग्लंडला परतले आणि १२ जून १८७२ रोजी लंडनजवळच्या अपर नॉरवुड येथे, वयाच्या साठाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यानंतर चारच दिवसांनी, १६ जूनला, कर्नल साइक्स गेले. दख्खनच्या पाखरांची पहिली यादी करणारा आणि ती दुप्पट करणारा, दोघेही एकाच आठवड्यात गेले.

जर्डन यांचे नाव आज अनेक प्राण्यांना चिकटलेले आहे. त्यातला सर्वांत प्रसिद्ध म्हणजे जर्डनचा धाविक. हा पक्षी त्यांना आंध्रात मिळाला आणि १८४८ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन झाले. १९०० नंतर तो कुणालाच दिसला नाही. संपला असेच सगळ्यांनी धरले. १९८६ च्या जानेवारीत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या भारत भूषण यांना तो कडप्पा जिल्ह्यात पुन्हा मिळाला. तो रात्री हिंडणारा पक्षी आहे, हे माहीत नसल्यामुळे इतकी वर्षे लोक त्याला दिवसा शोधत होते. तो हाती लागला तो ऐतन्ना नावाच्या स्थानिक शिकाऱ्यामुळे. पुस्तकातला पक्षी ८६ वर्षे हरवला होता. त्या रानात वावरणाऱ्या माणसांना तो माहीत होता. यानादींच्या झोपड्यांपर्यंत चालत जाणाऱ्या जर्डन यांना ही गोष्ट ऐकून नवल वाटले नसते.

टोळीतली बाई

हे सारे आठवता आठवता मला पुतण्याने हसण्यावारी नेलेली ती टोळीतली बाई आठवली. यानादींचे ज्ञान वाचून माना डोलवणारे आपण. पण आपल्याच बांधावर उभी राहून एक बाई सांगत होती, की हे घरचे मांजर नाही आणि तिचे बोलणे मोडून पिल्लू घरात आले होते. सहा-सहा महिने उसात राहणाऱ्या, पाचटावर झोपणाऱ्या त्या बाईने अशी पिल्ले किती पाहिली असतील!

सकाळी नातीला जवळ घेतले आणि तिच्याच मोबाइलवर ते जुने पुस्तक उघडले. आता असली पुस्तके घरबसल्या दिसतात. मग आम्ही दोघींनी ठिपकीला नीट पाहिले. कपाळावरून डोक्याकडे जाणाऱ्या गडद रेघा. नाकाच्या दोन बाजूंनी वर चढलेले पांढरे पट्टे. कान लहान आणि गोल. बिबट्यासारख्या ठिपक्यांच्या मांजराच्या कानामागे पांढरा डाग असतो, तो हिच्या कानामागे नव्हता. शेपटी आखूड, तिच्यावर कड्या नाहीत. रानमांजराच्या आणि गावठी मांजराच्या शेपटीवर बहुधा कड्या असतात. तळपाय काळे. पोटाकडची बाजू पांढरी आणि तिच्यावर मोठे ठिपके. पाठीवरचे ठिपके काळसर होते, म्हणून शंका होती. पण वाघाटीच्या पिल्लांचे ठिपके काळेच असतात, वयाबरोबर ते तांबूस होत जातात. बछडा वगैरे काही नव्हे. पुरते वाढलेले वाघाटीचे मांजर एक ते दीड किलोचे असते. घरच्या बोक्याच्या निम्म्यानेही नाही. जगातल्या सर्वांत लहान रानमांजरांत त्याची गणती होते.

आमच्या घरात दोन दिवस जगातले एक दुर्मीळ जनावर बशीतले दूध पीत होते. पीत कसले, गाईच्या दुधाने त्याला ढाळ लागले होते आणि ते एकाच कोपऱ्यात अंग चोरून बसले होते. नातीला वाटत होते, की ते लाजते आहे.

मी वनखात्याला फोन केला. महाराष्ट्रात त्यासाठी १९२६ हा क्रमांक आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघ आणि बिबट्याच्या पंक्तीत, वाघाटीचे नाव आहे. ते पाळता येत नाही. हे नातीला सांगणे हे फोन करण्यापेक्षा अवघड होते. तिने मला तीन प्रश्न विचारले. आपण तिला मारतो का? उपाशी ठेवतो का? मग आपल्याकडे का नको? पहिल्या दोन प्रश्नांना उत्तर होते. तिसऱ्यासाठी मी तिला जर्डन यांच्या पाडसाची गोष्ट सांगितली. ती ऐकून ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, की म्हणजे त्या मांजराची चूक नव्हती. मी म्हटले, चूक कुणाचीच नव्हती, पण जागा चुकली होती.

वनखात्याचा माणूस दुपारी आला. त्याने कान पाहिले, शेपटी पाहिली आणि होकार दिला. पश्चिम महाराष्ट्रात उसातून अशी पिल्ले नेहमी सापडतात, असे त्याने सांगितले. जुन्नरकडे बिबट्याची आणि वाघाटीची पिल्ले पुन्हा त्यांच्या आईला मिळवून देण्याचे काम वनखाते आणि स्वयंसेवी संस्था मिळून करतात. ऊस म्हणजे त्यांच्या दृष्टीने गवताचे रान. बारा महिने आडोसा, पाणी आणि उंदीर. अकोले तालुक्यात, भर वस्तीच्या शेतशिवारात लावलेल्या कॅमेऱ्यांत बिबट्यांबरोबर वाघाटीही दिसल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आहे. हे मांजर गावाजवळ राहते, ही जर्डन यांची जुनी नोंद इतक्या वर्षांनी पुन्हा खरी ठरली होती.

पण पिल्लू नेमके कोठे ठेवायचे? पुतण्याला जागा आठवेना. तोडलेले रान सगळे सारखेच दिसते. शेवटी टोळीतल्या त्याच बाईला बोलावले. ती सरळ चालत गेली आणि चारीच्या काठी, बांधाच्या कोपऱ्यात बोट दाखवून उभी राहिली. रागावली नव्हती. फक्त म्हणाली, की मी तवाच सांगितलं होतं.

पलीकडच्या पट्ट्यातला ऊस उभा होता, त्याची तोड दुसऱ्या दिवशी ठरलेली. तो तुटला, तर मांजरी कायमची निघून जाणार. गाडी सांगून ठेवलेली, मुकादम कुरकुर करू लागला. ऊस रानात एकेक दिवस वाळला, की वजन घटते, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. पुतण्या काही क्षण घुटमळला, मग त्याने टोळीला दुसऱ्या रानात धाडले. तेवढा कोपरा दोन दिवस उभा ठेवला. माझा हा पुतण्या बोलायला फटकळ आहे, पण त्या दिवशी मला त्याचे कौतुक वाटले.

अंधार पडताना प्लास्टिकच्या क्रेटमध्ये पाचट घालून ठिपकीला तिथे ठेवले. वनखात्याचा माणूस आणि पुतण्या लांब, ट्रॅक्टरच्या आडोशाला बसले. आम्ही दोघी घरीच थांबलो. नात जेवली नाही. दहा वाजून गेल्यावर पुतण्याचा फोन आला. मांजरी उसातून बाहेर आली. क्रेटभोवती एक फेरी मारली, थांबली, कानोसा घेतला. मग आत तोंड घालून पिल्लाचे मानगूट धरले आणि बांधावरून उडी टाकून उसात शिरली. घरच्या मांजरीपेक्षाही बारकी होती, असे तो पुन्हा पुन्हा सांगत होता. त्याला तेच नवल वाटत होते.

अजूनही कुणी घरी आले, की विचारते, ती ठिपक्यांची मांजर कोणत्या जातीची होती हो? नात आता उत्तर देते, वाघाटी. भाव किती, असे कुणी पुढे विचारलेच, तर ती त्यांना मुकादमाकडे पाठवते आणि सांगते, की दोन दिवसांच्या वाळलेल्या उसाचा हिशेब त्यांनाच माहीत आहे.